बिजागरी तेवढी राहिली

कोंबडीचं एक बरं असतं. ती अंड्यांवर बसली की तिला सल्ला द्यायला कोणी जात नाही. गेलंच तर चोच खातं. आम्हाला ही सोय नव्हती. आमच्याकडे कोंबडीच नव्हती, पेटी होती.

पेटी बाबांनी केलेली. एका जुन्या लाकडी खोक्याला आतून थर्माकोल, कोपऱ्यात बल्ब, माझ्या निकामी कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा, ऊब जास्त झाली की बल्ब बंद करणारं आणि कमी झाली की लावणारं एक यंत्र, पाण्याची वाटी, आणि आत डोकवायला समोर काच. काच आईबाबांच्या लग्नाच्या फोटोची. तेव्हापासून तो फोटो भिंतीवर बिनकाचेचा होता. "इतकी वर्षं काचेआड जपलं, आता धूळ खायला मोकळं सोडलं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

झाकणाला बिजागऱ्या लावायच्या होत्या. बाबांनी त्यांची जोडी आणली होती, स्क्रू आणले होते, आणि विसरायला नको म्हणून सगळं पिशवीसकट पेटीच्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवलंही होतं. तोवर झाकण हलू नये म्हणून त्यावर माझ्या शब्दकोशाचा पहिला खंड ठेवला. मी ग्रंथालयात काम करते. शब्दकोश दार अडवायला, पंख्याखालचे कागद दाबायला आणि लहान मुलाला जेवायच्या टेबलाशी बसवायला वापरलेला मी पाहिला आहे. शब्दाचा अर्थ बघायला वापरलेलाच कमी. त्यामुळे मी काही बोलले नाही. फक्त खंड कधी परत मिळेल ते विचारलं. "बिजागरी लावली की लगेच. दोन मिनिटांचं काम आहे," बाबा म्हणाले.

बाबांची दोन मिनिटं आमच्या घरात सर्वत्र विखुरलेली होती. न्हाणीघराचं दार कडीच्या उंचीपर्यंत निळं आणि वर लाकडी. हॉलमधल्या घड्याळात फक्त मिनिटकाटा. तास आपापला ओळखायचा. कामाला सुरुवात करण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ते काम त्यांच्याकडून पुरं करून घेण्यात आईला यश नव्हतं. दोघांचा संसार या एका मुद्द्यावर अतिशय बोलका झाला होता.

तर एका सकाळी बाबांनी डझनभर अंडी पेटीत मांडली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा ती फिरवायची. फुली वर असेल तर गोल वर आणायचा, गोल असेल तर फुली. न फिरवलेल्या अंड्यातलं पिल्लू कवचाला आतून चिकटतं म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचा चष्मा पेटीवर, शब्दकोशाच्या शेजारी राहिला.

पुढचे काही दिवस माणसं भेटायला येत राहिली. पेटी हॉलमध्ये खिडकीखाली गुणगुणत होती. एका गृहस्थांनी तिला पाणी गाळायचं यंत्र समजून पेला मागितला. दुसऱ्यांनी तिच्यावर रिकामा कप ठेवला. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. रडत नव्हती, बोलत नव्हती, विचारलं तर मान हलवायची. मग बाबांच्या कचेरीतले एक जुने सहकारी आले. त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. गंभीर चेहऱ्याने ते उठले, खिडकीखालचा प्लग उपसला आणि आपला चार्जर लावला. गुणगुण थांबली.

"ते आधी परत लावा," आई म्हणाली.

दिवसभरातलं तिचं ते पहिलं वाक्य. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"माफ करा वहिनी, मला वाटलं खोकं रिकामंच आहे."

"रिकामं नाही. बारा आहेत."

सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुःखाने वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी प्लग लावला आणि खुलासा केला. खुलाशाने त्यांची समजूत पटली नाही, उलट माझ्याबद्दलही काळजी वाटू लागली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई ओट्यापाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "अंडी ठेवून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली, बघायला ये म्हणून. मी काय म्हटलं माहितेय? 'हेही अर्धवटच राहणार. मला नका दाखवू.' आणि पिशवी घेऊन भाजीला गेले."

"आई, हे तर तू रोज म्हणायचीस."

"रोजचंच. पण रोज दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी बोलता यायचं."

एवढं बोलून तिने नळ सोडला आणि स्वच्छ भांडं पुन्हा घासायला घेतलं. मला सगळं कळलं. आजवर प्रत्येक वाद आई जिंकत आली होती. हा एक वाद तिला हरायचा होता. त्यासाठी त्या पेटीतून निदान एक तरी जिवंत पिल्लू बाहेर यायला हवं होतं. आणि ते आणायचं कोणी, तर जिने आयुष्यात अंडं फक्त फोडून पाहिलं होतं, त्या मी.

मी ग्रंथालयात जाऊन या विषयावरचा उपलब्ध एकमेव ग्रंथ काढला. तो दहा हजार अंड्यांची उबवणूक करणाऱ्यांसाठी लिहिलेला होता. बारा अंड्यांच्या मालकाकडे लेखकाने कुठेही ढुंकून पाहिलं नव्हतं. पुस्तक अपुरं पडलं तरी शेजारी भरपूर होते. तळमजल्यावरच्या आजोबांनी अंड्यांजवळ मोठ्याने बोलू नका असं सांगितलं. त्यांच्या सुनेने उलट सांगितलं, बोलत राहा, ऐकायची सवय लागते. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने पेटीला अस्तर शिवून देण्याची तयारी दाखवली. आणि मावशी तर राहायलाच आली.

मावशी ही आईची थोरली बहीण. तिला कुठल्याही विषयातलं काही ना काही माहीत असतं, आणि ते खरं असायलाच हवं असा तिचा आग्रह नसतो. आल्या आल्या तिने काचेतून पाहिलं.

"हे असं होत नसतं हो. अंड्याला माया लागते. बल्ब काय माया करणार?"

"ताई, तू हात नको लावूस," आई म्हणाली.

"मी कशाला लावू? मला काय पडलंय?"

"मीही लावणार नाही. मला त्यातलं कळत नाही. ही बघेल काय ते," आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे काम माझं. मी ते मनापासून करू लागले. सकाळी उठून झाकण काढायचं, बाराही अंड्यांच्या फुल्या वर आणायच्या, आंघोळीला जायचं. आंघोळीहून येऊन पाहावं तर गोल वर. पहिल्यांदा वाटलं, आपणच फिरवायला विसरलो. पुन्हा फिरवली. कामावर जाताना चप्पल घालता घालता डोकावले, तर पुन्हा गोल. ग्रंथालयातून परतल्यावरही तेच. मी जे करून जाई ते नाहीसं होई. माणूस गेल्यावर घरातल्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे मी पुष्कळ वाचलं होतं. प्रत्यक्षात ते अंड्यांपासून सुरू होतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी कोणाला काही सांगितलं नाही. ग्रंथालयात दोन वेळा एकच पुस्तक चुकीच्या फडताळात ठेवलं तेव्हा मात्र मनातून टरकले.

मग एक दिवस डोकं दुखतं म्हणून दुपारीच घरी आले. दार लोटलेलं होतं. हॉलमध्ये आई पेटीपुढे गुडघ्यांवर बसली होती, शब्दकोश मांडीवर, आणि एकेक अंडं दोन्ही हातांनी फिरवत होती. भाजलेल्या हाताला मलम लावतात तसं, हळू.

"तुला त्यातलं कळत नाही ना?"

आई दचकली नाही. "तू घाईत असतेस. एखादं राहून जायचं."

"म्हणजे रोज?"

"तू आंघोळीला गेलीस की. डबा भरायला गेलीस की. आणि कामावर गेलीस की."

माझं डोकं ठिकाणावर होतं! इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पण ते फार टिकलं नाही, कारण आतल्या खोलीतून मावशी बाहेर आली, आणि तिचा चेहरा पाहून आईने विचारलं, "ताई, तूसुद्धा?"

"एकदाच," मावशी म्हणाली. "दुपारी तू पडलीस की. मला वाटलं, तुम्ही दोघी आपल्या दुःखात, कोणाला शुद्ध नाही. पोरकी अंडी ती."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. जगातल्या कुठल्याही अंड्यांना झाला नसेल एवढा व्यायाम आमच्या अंड्यांना झाला होता. प्रश्न असा, की ती अजून जिवंत होती का?

याचं उत्तर समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्या दातांच्या. समोरच्या फ्लॅटमध्येच त्यांचा दवाखाना. अंधारात अंड्यामागे प्रखर दिवा धरला की आतलं दिसतं, आणि डॉक्टरीणबाईंकडे दाढेच्या मुळापर्यंत उजेड पाडणारा दिवा होता. आम्ही बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून अंडी नेली. बाहेर गाल धरून बसलेल्या एका पेशंटने आमच्याकडे पाहिलं. आईने स्वेटर छातीशी धरलेला, मी दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे, मावशी वाट मोकळी करत पुढे. तो उठून उभा राहिला आणि "आधी तुमचं होऊ दे" म्हणाला.

अंडी खुर्चीच्या उशीवर मांडली. पडदे ओढले. डॉक्टरीणबाईंनी सवयीने पहिल्या अंड्याला "घाबरायचं नाही, दुखणार नाही" असं सांगितलं आणि दिवा धरला. आत पिवळं, स्वच्छ, रिकामं. दुसरं तसंच. तिसरंही. आईने माझा दंड धरला होता. तिची बोटं रुतू लागली. चौथ्या अंड्यात लाल शिरांचं जाळं पसरलं होतं, आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलला.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट बघा," आई म्हणाली.

"अहो, हे बघा, पुन्हा हललं. मला तोंड दाखवायला नको म्हणतंय."

आईच्या बोटांची पकड सैल झाली. दंडावर पुढे दोन दिवस वळ होते, ते मी कोणाला दाखवले नाहीत. एकूण चार अंड्यांत जीव निघाला. बाकीची काढून टाका, नाहीतर पेटीच्या उबेत नासतील, असा डॉक्टरीणबाईंचा सल्ला होता. या सगळ्या प्रकरणातला तो एकमेव बरोबर सल्ला, आणि अर्थातच आम्ही तो ऐकला नाही.

"त्यांनी बारा ठेवलीत," आई म्हणाली. "बाराच राहतील."

ही आनंदाची बातमी मावशीने जिन्यात सांगितली. जिन्यातून ती सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत पोचली. सेक्रेटरी नियमाने चालणारे. नियम नसेल तिथे ते उभे राहतात आणि नियम होईपर्यंत वाट पाहतात. बाबांचं आणि त्यांचं जुनं भांडण होतं. सोसायटीचा नोटिसबोर्ड बाबांनी करून दिला होता, त्याच्या दाराला कडी लावायची राहिली होती, आणि त्यामुळे सेक्रेटरींच्या नोटिसा दर वादळवाऱ्यात मैदानावर जात. तेव्हा सेक्रेटरी नियमावली काखोटीला मारून आले.

"वहिनी, प्रसंग दुःखाचा आहे, मला बोलणं जिवावर येतं. पण सदनिकेत कोंबड्या पाळायला मनाई आहे."

"कोंबड्या कुठे आहेत?" मावशीने विचारलं. "अंडी आहेत. अंडी तुमच्या फ्रिजमध्ये नाहीत?"

"फ्रिजमधलं अंडं हे खाद्य. हे उबेला ठेवलेलं, म्हणजे हेतू वेगळा."

"नियमात हेतू लिहिलाय?" मी विचारलं. मला असं बोलता येतं हे मलाच नवीन होतं.

सेक्रेटरींनी नियमावली उघडली, चाळली, मिटली. "तपासणी करावी लागेल. आत पक्षी आहे की नाही ते पाहून समितीपुढे ठेवतो." ते वाकले, शब्दकोश बाजूला केला, झाकण उचललं आणि चष्मा सावरत आत तोंड घातलं.

नासलेलं अंडं आतल्या आत फुगतं आणि शेवटी फुटतं, हे दहा हजारवाल्या ग्रंथात एका तळटीपेत दिलेलं आहे. त्याला निमित्त लागत नाही. आमच्या अंड्याने मात्र निमित्ताची वाट पाहिली असावी. फट् असा आवाज झाला आणि सेक्रेटरी ताठ उभे राहिले. त्यांच्या चष्म्यावरून, मिशीवरून आणि नियमावलीच्या वेष्टनावरून काहीतरी हिरवट ओघळत होतं. वासाचं वर्णन मी करणार नाही. सभ्य घरात वाचलं जाईल असं लिहायची मला सवय आहे.

"पक्षी नव्हता," मावशी म्हणाली. "लिहून घ्या."

सेक्रेटरी हात अंगापासून लांब धरून जिना उतरून गेले. मी भीतभीत आईकडे पाहिलं. तिने पदर नाकाला लावला होता, आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, अखेर रडली. जवळ गेले तर हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी नंतर बराच वेळ येत राहिलं आणि हसणं केव्हा संपलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मावशी खिडक्या उघडत फिरत होती.

त्या दिवशी उरलेली सात रिकामी अंडी आईने स्वतः बाहेर काढली. चार राहिली.

शेवटचे दिवस जवळ आले. आता अंडी फिरवायची नव्हती, झाकण उघडायचं नव्हतं, फक्त ऊब आणि ओल टिकवायची. तिघी एकमेकींवर पहारा ठेवून होतो. आणि नेमकी नोटीस लागली, म्हणजे बोर्डावर लागली आणि उडत आमच्या गॅलरीत आली. जमिनीखालची केबल बदलायची असल्यामुळे आमच्या इमारतीची वीज दिवसभर बंद. दिवस तोच, पिल्लांचा.

मी वीज कार्यालयात गेले. खिडकीमागच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"तारीख पुढे ढकलायची, तर ग्राहकाचा अर्ज लागेल. मीटर कोणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग त्यांना पाठवा."

"ते येऊ शकत नाहीत."

"सही करून दिली तरी चालेल."

"ते गेले."

"कुठे?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. "म्हणजे वारले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "अरेरे. मग आधी नाव बदलून घ्या. त्याला महिना लागतो. त्यानंतर अर्ज करा." मग सहानुभूतीने विचारलं, "तसं कारण काय होतं?"

"पिल्लं. अंडी उबवायला ठेवलीत."

"घरी?" त्यांनी पेन पुन्हा उचललं. "उबवणूक म्हणजे व्यवसाय झाला. तुमचं कनेक्शन घरगुती आहे ना?"

मी म्हटलं, माझी काहीतरी चूक झाली, आमच्याकडे अंडी नाहीत, वीजही फारशी लागत नाही. पदवी, नोकरी आणि वाचन यांच्या जोरावर मिळवलेली सगळी प्रतिष्ठा त्या खिडकीवर सोडून मी जवळजवळ पळत बाहेर आले.

घरी तिघींची सभा बसली. डॉक्टरीणबाईंकडे इन्व्हर्टर नव्हता. वीज गेली की त्या पेशंटला तोंड मिटायला सांगून घरी पाठवत. गरम पाण्याच्या पिशव्या ठेवाव्यात तर झाकण सारखं उघडावं लागणार. "मी म्हटलंच होतं," आई पुटपुटली. बोलून गेलेलं तिला तिथेच गिळायचं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी. मिशी काढलेली. वास गेला नव्हता म्हणे.

"मी नियमावली पुन्हा वाचली," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "मनाई सदनिकेत आहे. सोसायटीचं कार्यालय ही सदनिका नव्हे."

आम्हाला काही उमगेना.

"कार्यालयात इन्व्हर्टर आहे, वहिनी. मला अंधारात नोटिसा लिहिता येत नाहीत." त्यांनी घसा खाकरला. "तुमच्या मिस्टरांनी त्या कडीसाठी सहा वर्षं मला 'उद्या' सांगितलं. त्यांचं एखादं काम शेवटाला जाताना मला एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवशी वीज जायच्या आत पेटीची मिरवणूक खाली गेली. पुढे मावशी, मधे मी आणि शिंपी पेटी धरून, मागे आई शब्दकोश घेऊन. पेटी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली, आई सेक्रेटरींच्या खुर्चीत बसली आणि सेक्रेटरी स्टुलावर. वीज गेली. वीज नसली की माणसाला शेजारधर्म आठवतो. टीव्ही बंद, पंखे बंद, तेव्हा एकेक करून सगळी इमारत कार्यालयात जमली. तळमजल्यावरचे आजोबा सर्वांना गप्प करत होते आणि त्यांची सून अंड्यांशी बोलत होती.

सकाळ सरत आली तेव्हा एका अंड्यावर, फुलीच्या जरा खाली, तडा दिसला. तड्यातून चोचीचं टोक आलं आणि आत गेलं.

"टोचलं!" मावशी ओरडली.

पहिलं पिल्लू दुपारी बाहेर पडलं. ओलं, वेडंवाकडं, आपल्याच पायांना अडखळणारं. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला फार वेळ लागला नाही. शिंप्याने डोळे पुसले. सेक्रेटरींनी वेळेची नोंद घ्यावी की नाही यावर स्वतःशीच चर्चा केली. मी आईकडे पाहिलं. एक पुरे होतं, तीन झाली होती, वाद हरून झाला होता. पण ती चौथ्या अंड्यावरून नजर काढत नव्हती.

चौथ्याने कवचाला भोक पाडलं, अर्ध्यापर्यंत चीर नेली, आणि काम थांबवलं.

एक तास गेला, मग आणखी एक. भोकातून श्वास दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा. सल्ल्यांना ऊत आला. मावशी म्हणाली, नखाने हलकेच सोलू. डॉक्टरीणबाई चिमटा घेऊन आल्या. "अडकलेलं बाहेर काढणं हाच माझा धंदा आहे. बोला, काढू?"

"नको," आई म्हणाली.

"अगं, मरेल ते!" मावशी म्हणाली. "अर्ध्यावर सोडून बसलंय बघ, अगदी आपल्या..." आणि जीभ चावली.

आई काचेकडेच बघत होती. "बसू दे," ती म्हणाली. "दमलं असेल. त्याच्या पद्धतीने करू दे. कोणी मागे लागू नका."

चिमटा खिशात गेला. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. काही मंडळी कंटाळून दारात गप्पा मारू लागली. मी आईमागे उभी होते. माझे पाय दुखत होते आणि मी त्या अंड्याला मनातल्या मनात अत्यंत अशास्त्रीय गोष्टी सांगत होते. मग अचानक छतावरची ट्यूबलाइट फडफडली आणि लागली. बाहेर केबलवाल्यांनी हाळी दिली. सगळ्या इमारतीने "आली! आली!" असा एकच जल्लोष केला. मीसुद्धा वर पाहिलं.

खाली पाहिलं तेव्हा कवचाची दोन शकलं झाली होती आणि मधे चौथं पिल्लू मान टाकून पडलं होतं, पोट वरखाली होत होतं. जिवंत होतं. नेमका क्षण इतक्या माणसांपैकी फक्त आईने पाहिला. तिने पाठी वळून आरडाओरडा करणाऱ्या मंडळींकडे बघितलं.

"एवढं काय ओरडताय?" ती म्हणाली. "घाबरेल ना ते." आणि मग मला, हळूच, "झालं गं. पुरं झालं."

पिल्लं पुढे सेक्रेटरींच्या मेव्हण्याच्या शेतावर गेली. तिथून ती मजेत असल्याचं कळतं. सेक्रेटरींनी पुढच्याच सभेत नियम दुरुस्त करून घेतला. आता मनाई "सदनिका, कार्यालय, जिना व गच्ची" इथे आहे. ठरावाची प्रत बोर्डावर लागली आणि त्याच संध्याकाळी मैदानावर सापडली.

मावशी आपल्या घरी परत गेली, त्या दिवशी आईने पेटी साफ करायला काढली. आतलं थर्माकोल पुसलं, पाण्याची वाटी घासली, काच काढून न्याहाळली आणि पुन्हा पेटीलाच बसवली. बाबांचा चष्मा उचलून त्यांच्या कपाटात ठेवला. मी जवळच पुस्तक वाचत होते, म्हणजे धरून बसले होते. पेटीची बाजू पुसताना तिचा हात थांबला.

"बघितलंस?"

"काय?"

"बिजागरी." तिने चिकटपट्टीवर बोट आपटलं. "पिशवीसुद्धा उघडलेली नाही. म्हणे दोन मिनिटांचं काम! मी म्हटलं नव्हतं?" हे शेवटचं तिने भिंतीवरच्या बिनकाचेच्या फोटोला विचारलं. अगदी पूर्वीच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, जिंकल्यासारखं.

त्या आवाजाला मी जन्मभर वैतागत आले होते. आता तो ऐकून मला इतकं हायसं वाटलं की पुस्तक मिटून मी उठलेच.

"कुठे निघालीस?"

"स्क्रूड्रायव्हर आणते. लावून टाकू आत्ताच."

आईने पिशवीची सुटत आलेली चिकटपट्टी अंगठ्याने नीट दाबून बसवली. "बस खाली," ती म्हणाली. "तेवढं राहू दे."

आणि शब्दकोशाचा खंड उचलून तिने झाकणावर परत ठेवला.